ओटीपी मीच दिला, आता तक्रार कुठल्या तोंडाने करू?

बाईंना माझ्याकडे समुपदेशनासाठी त्यांच्या डॉक्टरांनी पाठवलं. बीपीची गोळी वाढवूनही आकडा खाली येईना, रात्री दोन-अडीचला जाग यायची ती सकाळपर्यंत. नाशिकच्या एका शाळेत ३४ वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. घरी एकट्या, मुलगा-सून पुण्यात. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

पहिला तास इकडच्या तिकडच्या गप्पांतच गेला. दुसऱ्या भेटीत माझा फोन वाजला आणि बाई खुर्चीत दचकल्या. मी सहज विचारलं, "बाई, तुमचा फोन कुठे असतो?"

"कपाटात. साड्यांच्या खाली."

मग सगळं बाहेर आलं. बारा दिवसांपूर्वी संध्याकाळी मेसेज आला होता, तुमचे रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री संपत आहेत, खालच्या लिंकवर मागवून घ्या. पान हुबेहूब बँकेचं. बाईंनी कार्डाचा नंबर घातला, मुदत घातली, मागचे तीन आकडे घातले आणि शेवटी ओटीपी घातला. १८,४९९ रुपये गेले. घाबरून फोन बंद केला आणि कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी हिंमत करून चालू केला तर आणखी ३१,२०० गेल्याचा मेसेज. तेव्हापासून फोन फक्त मुलाशी बोलण्यापुरता बाहेर निघायचा.

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? ओटीपी मीच दिला ना. कुठल्या तोंडाने तक्रार करू? मुलगा तर म्हणतच असतो, आई, तुला कळत नाही त्यात पडू नकोस."

हे वाक्य माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतं. तिशीतल्या इंजिनिअरच्या तोंडूनही येतं. पैसे गेल्याचं दुःख असतंच, पण माणूस गप्प बसतो तो लाजेनं.

समोर आलेल्या माणसाची कामं आपण करायची नाहीत असं आम्हा समुपदेशकांना शिकवलेलं असतं. त्या दिवशी मी तास तिथेच थांबवला. कार्ड बारा दिवस उघडं होतं. बँकेचा नंबर शोधायला मी सवयीनं गूगल उघडलं, तर बाईंनीच पर्समधून कार्ड काढून उलटं धरलं. "हा काय, मागे छापलाय." बरोबर होत्या. गूगलवर ग्राहक सेवेच्या नावानं चोरांनी टाकलेले नंबरही सापडतात, आणि ही गोष्ट मीच इतरांना सांगत असते! माझ्या फोनवरून बाईंनी स्वतः नंबर लावला. सात मिनिटांत कार्ड बंद झालं, तक्रार क्रमांक मिळाला. तो त्यांनी माझ्या टेबलावरच्या कागदावर इतक्या सुबक अक्षरात लिहिला की मला माझी शाळा आठवली. मग १९३० लावला. सायबर फसवणुकीचा हा राष्ट्रीय क्रमांक. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात अडकलेले पैसे गोठवता येतात. बारा दिवसांनी ती आशा फारशी नव्हती, पण तक्रारीची नोंद झाली.

चूक आपली असेल तर तक्रारीला अर्थ नाही, ही समजूत कुठून येते कोण जाणे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी बाईंना समजावून सांगितलं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि तुम्ही कामाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाही नाही. चार ते सात दिवसांत कळवलंत तर एका मर्यादेपर्यंत. आणि ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या रात्रीच फोन केला असता तर दुसरे एकतीस हजार..."

"कार्डच बंद झालं असतं."

हे ऐकवणं मला जड गेलं. पण समजूत घालायला मी यावर पांघरूण घातलं असतं, तर पुढच्या वेळी त्यांनी फोन पुन्हा साड्यांखालीच ठेवला असता.

पुढच्या भेटीला फोन रुमालात गुंडाळून आला. मी ओटीपीचा तो मेसेज उघडायला सांगितला. सहा आकड्यांच्या पुढेच इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं: १८,४९९ रुपयांच्या खरेदीसाठी, आणि शेजारी दुकानाचं नाव. पॉइंट्स जमा करायचे असते तर त्यात रक्कम कशाला असती? "मी फक्त आकडेच वाचले," बाई म्हणाल्या. "पोरं गणितात उदाहरण न वाचता उत्तर लिहायची, तसं." लिंकही बघितली. बँकेच्या नावात एक अक्षर जास्त होतं आणि शेवट भलताच. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन'वर न्यावीत असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, ते याचसाठी. पण खरं सांगायचं तर पत्ता तपासण्यापेक्षा मेसेजमधली लिंक दाबायचीच नाही, ॲप आपलं आपण उघडायचं, हे साठीनंतर जास्त सोपं पडतं.

दुसऱ्या व्यवहाराला ओटीपी आलाच नव्हता. तो परदेशी संकेतस्थळावरचा होता. तिथे कार्डाचा नंबर आणि मागचे आकडे मिळाले की बऱ्याचदा काम भागतं. बाई आयुष्यात नेपाळच्या पुढे गेलेल्या नाहीत, पण त्यांच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू होते. कधीतरी मुलानं सिंगापूरचं हॉटेल बुक करताना चालू केलेले, बंद करायचे राहून गेले. १ ऑक्टोबर २०२० पासून हे बटण ग्राहकाच्या हातात आहे. देशात, परदेशात, ऑनलाइन, टॅप करून, प्रत्येकाचं बटण वेगळं, आणि रकमेची मर्यादाही आपणच ठरवायची. कार्डाची ही पानं बहुतेकांनी कधी उघडलेलीच नसतात.

नवं कार्ड आल्यावर आमचा खरा अभ्यास सुरू झाला. भीती वाटते म्हणून ॲप उघडायचं नाही, आणि उघडत नाही म्हणून भीती वाढते. हा फेरा तोडायला दर शनिवारी अकरा वाजता दहा मिनिटं ॲप उघडायचं ठरलं. पहिल्या शनिवारी बाईंनी पासवर्ड घालायला पर्समधून कालनिर्णयचं मार्चचं पान काढलं. पासवर्ड त्यावर, गॅसच्या तारखेखाली. कागदावर पासवर्ड लिहिणं हा काही लोक मानतात तेवढा मोठा गुन्हा नाही, असं माझं मत आहे. घरातल्या कपाटातली वही परदेशातल्या चोराला दिसत नाही. पण भिंतीवरचं कालनिर्णय येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं, आणि तोच पासवर्ड फेसबुकलाही होता. तो बदलला. परदेशी बंद, एटीएममधून रोख काढणं बंद, ऑनलाइनची मर्यादा पाच हजार. शेवटचं बटण दाबताना बोट थरथरत होतं. दाबून झाल्यावर लगेच मेसेज आला तेव्हा पुन्हा दचकल्या. तो त्यांनीच केलेल्या बदलाचा होता. "म्हणजे हा चांगला मेसेज," असं म्हणून तो दोनदा वाचला.

तिसऱ्या शनिवारी लाल पेन घेऊन आल्या. महिन्याच्या स्टेटमेंटवर एकेका खरेदीपुढे बरोबरची खूण, हजेरी घेतल्यासारखी. औषधं, किराणा, मोबाइलचं बिल.

मुलाला सांगायचा दिवस मात्र दोनदा पुढे ढकलला. शेवटी माझ्यासमोरच फोन लावला. तो आधी चिडला, मग घाबरला, मग म्हणाला कार्ड बंदच करून टाकू, नाहीतर पासवर्ड मला दे, मी बघत जाईन. प्रेमानं म्हणत होता, यात शंका नाही. पण तसं झालं असतं तर बाईंचा फोन पुन्हा कपाटात गेला असता, कायमचा. मी काही बोलणार इतक्यात त्याच म्हणाल्या, "बंद करायचं तर मी करीन. तुला महिन्याच्या शेवटी स्टेटमेंट पाठवते, तू तपास."

१८,४९९ परत आले नाहीत. ३१,२०० ओटीपीशिवाय गेलेले, म्हणून बँकेनं विक्रेत्याच्या बँकेकडे दावा लावला. आधी "माहिती तुम्हीच दिलीत" असं पत्र, बाईंचं त्यावर उत्तर (मराठीत, दोन पानी), आणि अडीच महिन्यांनी रक्कम कार्डावर जमा. झोप त्याच्या आधीच परतली होती.

शेवटच्या भेटीत स्टेटमेंटवर एका ओळीपुढे लाल गोल होता. १९९ रुपये, दर महिन्याला, सिनेमे दाखवणाऱ्या एका ॲपला. नातवानं सुट्टीत लावून घेतलेलं. पैसे कापण्याच्या एक दिवस आधी मेसेज येत होता, तो कुणी वाचलाच नव्हता.

"बंद करायचं?" मी विचारलं.

"नको, पोरगं बघतंय. चालू दे." पेनाचं टोपण लावत त्या म्हणाल्या, "पण सात महिन्यांचे १,३९३ मी त्याच्या बापाकडून घेणार आहे."