जुना लॅपटॉप देऊन टाकताय? आधी डिस्क पुसा

विंडोज १०ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे चांगले चालणारे बरेच लॅपटॉपही आता भाचरांकडे, शाळेत नाहीतर भंगारात जायच्या वाटेवर आहेत. त्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक.

अकरावीत गेलेल्या भाचीला माझा विंडोज ११चा लॅपटॉप द्यायचा आहे. सगळे फोल्डर डिलीट केले, रिसायकल बिन रिकामा केला. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यापासून बँकेच्या पासबुकापर्यंत सगळ्याचे स्कॅन त्यात होते. आता दिला तर चालेल ना? – शिक्षिका, डिचोली

अजून देऊ नका. डिलीट केलेली फाइल जागची हलत नाही. ‘ही जागा मोकळी आहे’ अशी नोंद तेवढी होते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत रेकुवासारखे फुकटचे सॉफ्टवेअर ती परत काढून देऊ शकते.

पण पुसण्याआधी एक तातडीची गोष्ट. डिलीट केलेल्या फोल्डरांत वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) फोल्डर होता का? असेल, तर सिंकमुळे ऑनलाइन प्रतही गेली असणार. वनड्राइव्हच्या वेबसाइटवरचा रिसायकल बिन आजच उघडा. वैयक्तिक खात्यात तिथे फाइल ३० दिवस राहतात. क्रोमचेही तसेच आहे: सिंक चालू असताना सेव्ह केलेले पासवर्ड पुसले, तर ते फोनवरूनही जातात. म्हणून क्रम असा ठेवा. आधी हवे ते बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दोन-चार फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. मग वनड्राइव्हमध्ये ‘अनलिंक धिस पीसी’ करा, क्रोममधून साइन आउट व्हा, आणि पुसणे सगळ्यात शेवटी.

पुसण्यासाठी सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, ‘रीसेट धिस पीसी’ आणि मग ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ असे जा. इथे बहुतेक जण नेक्स्ट-नेक्स्ट करत सुटतात आणि नेमके तिथेच चुकते. ‘चेंज सेटिंग्ज’वर क्लिक करून ‘क्लीन डेटा’ चालू करा, नाहीतर फाइल नुसत्या डिलीटच होतात. तिथेच ‘सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइल काढायच्या का?’ हा पर्याय दिसला तर तोही चालू करा. आपल्याकडे फोटो आणि कागदपत्रे हमखास डी ड्राइव्हवर असतात, आणि हा पर्याय बंद राहिला तर सी पुसला जातो व डी जसाच्या तसा भाचीकडे पोचतो. मात्र त्याआधी बॅकअपची डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवा, नाहीतर त्याही त्यात पुसल्या जाऊ शकतात.

या कामाला काही तास लागतात. चार्जर लावलेला हवा. बॅटरी मेलेली असेल आणि पावसात वीज ये-जा करत असेल, तर लॅपटॉप इन्व्हर्टरवर घ्या, कारण रीसेट अर्ध्यावर तुटला की विंडोज बहुधा सुरूच होत नाही. मध्येच बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली, तर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. म्हणून तो पासवर्ड आधीच आठवून ठेवा. शेवटी देश निवडायचा पडदा आला की पॉवरचे बटण दाबून बंद करा. पुढचे भाचीला करू द्या.

आमच्या गेस्ट हाउसचा विंडोज ७चा लॅपटॉप गावच्या शाळेला द्यायचा आहे. ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. सी-फॉर्मसाठी (परदेशी पाहुण्यांच्या नोंदीसाठी) घेतलेले पाहुण्यांचे पासपोर्ट त्यात होते. दुकानदाराने पाच मिनिटांत फॉरमॅट करून दिला. पुरे का? – कळंगुट

नाही. पाच मिनिटांत होतो तो क्विक फॉरमॅट. त्यात फाइलींची यादी नवी होते, मजकूर तसाच राहतो. ५०० जीबी खरोखर पुसायला दीड ते अडीच तास लागतात, कारण लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण ६० ते १०० एमबीच लिहू शकते. शिवाय हे पासपोर्ट तुमचे नाहीत, पाहुण्यांचे आहेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशी माहिती सांभाळायची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

विंडोज ७मध्ये ‘रीसेट धिस पीसी’ नाही. दुसऱ्या संगणकावर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज इन्स्टॉलर तयार करा आणि जुना लॅपटॉप त्यावरून सुरू करा. बूट मेन्यूसाठी (कशावरून सुरू व्हायचे त्या यादीसाठी) डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. भाषा निवडायचा पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा. काळी खिडकी उघडेल. तिथे आदेश इंग्रजीत टाइप करा: डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क. आता आकडे नीट वाचा: ५०० जीबीची डिस्क ४६५ अशी दिसते, पेन ड्राइव्ह ७च्या आसपास. लॅपटॉपची डिस्क बहुधा ०, पण गृहीत धरू नका. सिलेक्ट डिस्क ० केल्यावर पुन्हा लिस्ट डिस्क करा. बरोबर ओळीपुढे चांदणी दिसली, तरच क्लीन ऑल. नुसते क्लीन नव्हे, त्याने फक्त विभागांची नोंद जाते. क्लीन ऑल सगळीकडे शून्ये लिहीत जातो.

तो चालू असताना पडद्यावर काहीच हलत नाही. कर्सर तेवढा लुकलुकतो. ‘अडकला’ म्हणून तासाभराने बंद करणारे पुष्कळ, आणि त्यांची अर्धी डिस्क न पुसताच राहते. काम पुरे झाल्याची ओळ येईपर्यंत थांबा. मग लिनक्स मिंट टाकून द्या. ४ जीबी रॅमवर ते शाळेच्या कामापुरते बरे चालते.

मडगावचा तंत्रज्ञ म्हणतो, एसएसडी (तबकडीऐवजी चिपांची डिस्क) ३५ वेळा पुसावी लागेल आणि त्याचे वेगळे पैसे पडतील. – मडगाव

पैसे देऊ नका. ३५ फेऱ्यांची पद्धत पीटर गुटमन यांच्या १९९६च्या निबंधातून आली. त्या काळच्या हार्ड डिस्कांसाठी ती होती. आजच्या हार्ड डिस्कला एक पूर्ण फेरी पुरते. एसएसडीला तर फेऱ्या हा उपायच नाही: तिचा कंट्रोलर नवे लिखाण दर वेळी वेगळ्या पेशींवर टाकतो आणि काही पेशी राखीव ठेवतो. तिथे बाहेरून हात पोचत नाही. पस्तीस फेऱ्यांत डिस्क झिजेल तेवढी.

एसएसडीला तिचाच आतला इरेज आदेश द्यायचा. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये) ‘डेटा वाइप’, एचपीच्या बिझनेस मॉडेलांत ‘सिक्युअर इरेज’ असते. ते नसेल तर डिस्क बनवणाऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर घ्या, उदाहरणार्थ सॅमसंगचे मॅजिशियन. ‘फ्रोझन’ असा संदेश आला तर लॅपटॉप स्लीपमध्ये घालून उठवा, पुष्कळदा तेवढ्याने कुलूप निघते. हेही जमत नसेल आणि विंडोज प्रो असेल, तर बिटलॉकरने संपूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करून मग रीसेट करा. मागे काही उरलेच, तरी ते किल्लीवाचून वाचता येत नाही.

हार्ड डिस्क आहे की एसएसडी, ते टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये ‘डिस्क ०’पाशी दिसते.

माळ्यावर ठेवलेला लॅपटॉप दमटपणाने मेला. चालूच होत नाही, म्हणजे भंगारवाल्याला द्यायला हरकत नाही ना? – काणकोण

हरकत आहे. दमटपणाने बहुधा मदरबोर्ड आणि कनेक्टर गंजतात, डिस्क शाबूत असते. यूएसबीची सहाशे-सातशे रुपयांची केबल लावली की ती दुसऱ्या संगणकावर उघडते.

तेव्हा डिस्क काढून घ्या. मागचे झाकण उघडताच आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. हार्ड डिस्क तळहाताएवढी, धातूच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसवलेली असते. एम.२ एसएसडी म्हणजे च्युइंगगमच्या कांडीएवढी पट्टी, एका स्क्रूची. काही पातळ लॅपटॉपांत साठवण बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. तिथे अख्खा बोर्डच काढावा लागतो.

काढलेली डिस्क घरीच ठेवलीत तर बाकीचा लॅपटॉप बिनधास्त द्या. मोडायचीच असेल, तर लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते. ड्रिल लावताच ती फुटून उडते, म्हणून चष्मा आणि जाड हातमोजे घाला. एसएसडीला एक भोक पाडून भागत नाही, प्रत्येक काळी चिप फोडावी लागते.

बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करून पाहू नका. भंगारात न टाकता ई-कचरा म्हणूनच द्या.

मॅकबुकला हेच सगळे करायचे का? – पणजी

मॅकओएस माँटेरे किंवा त्यानंतरचे असेल आणि ॲपलची चिप किंवा टी२ ही सुरक्षा चिप असेल, तर फार सोपे: ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’. डेटा मुळात एन्क्रिप्टेड असतो, तिथे किल्लीच नष्ट होते. ‘फाइंड माय’ बंद झाले आहे याची मात्र खात्री करा. ते चालू राहिले तर घेणाऱ्याला ॲक्टिव्हेशन लॉक लागतो आणि तुमच्या पासवर्डशिवाय मॅक उघडत नाही.

हिशेबाचा लॅपटॉप बदलतोय. टॅली आणि डिजिटल सहीचे काय? – फोंडा

टॅलीचा बॅकअप घेऊन तो नव्या मशीनवर रिस्टोर करून पाहा. मगच जुन्यावरचे लायसन्स सरेंडर करा. ते न करता डिस्क पुसली, तर नव्या मशीनवर ॲक्टिव्हेशन अडते. डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते, लॅपटॉपमध्ये नाही. टोकन तेवढे पोर्टमध्ये विसरू नका. गिऱ्हाइकांचे विवरणपत्रांचे पीडीएफ आणि पासवर्डांची एक्सेल मात्र डाउनलोड्समध्ये असते.

पुसले खरे, पण नीट पुसले गेले का ते कसे कळणार? – वास्को

डिस्क केबलने दुसऱ्या संगणकाला जोडून तिच्यावर रेकुवाचा डीप स्कॅन चालवा. तुमच्या ओळखीच्या फाइलींची नावे किंवा फोटो दिसता कामा नयेत. विंडोजच्या स्वतःच्या फाइल दिसल्या तर बिघडत नाही.

मग फोनवरून गुगल खात्यात ‘युअर डिव्हायसेस’मध्ये जुना लॅपटॉप साइन आउट करा, मायक्रोसॉफ्ट खात्यातून तो काढून टाका, व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधूनही. बायॉसला पासवर्ड असेल तर तो काढा. डिस्क पुसली तरी तो जात नाही. थिंकपॅडसारख्या काही मॉडेलांत बोटाचा ठसा तो वाचणाऱ्या सेन्सरच्या चिपमध्येच राहतो, त्यासाठी बायॉसमध्ये ‘रीसेट फिंगरप्रिंट डेटा’ असते. एसडी कार्डाची खाच आणि डीव्हीडीचा ट्रे उघडून पाहा, आणि बॅगेचा आतला कप्पाही.