चार एकर सोयाबीन: मळणी करताना काय जपायचं, आणि माल लगेच विकायचा की ठेवायचा?

शिरूरजवळ तुमचं चार एकर सोयाबीन कापून ढिगात पडलंय. ढग येतायत आणि भाड्याचं मळणी यंत्र फक्त रात्रीच मिळतंय. घरची माणसं आणि चार मजूर घेऊन उरकून टाकावं का, काळजी काय घ्यावी, आणि मळून लगेच गावातल्या व्यापाऱ्याला द्यावं की ठेवावं, असं तुम्ही विचारलंय. हे दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण दोन्हींचं मूळ ओलाव्यात आहे. काड ओलं असेल तर माणूस जखमी होतो, दाणा ओला असेल तर भाव पडतो. म्हणून आधी त्याचंच बोलतो.

रात्री मळू नका. ऑक्टोबरात संध्याकाळनंतर दव धरतं आणि दुपारी कडकडीत वाजणारं काड सादळून चिवट होतं. असं काड यंत्रातल्या दाणे झोडणाऱ्या फिरत्या ड्रमवर गुंडाळतं, पट्टा घसरतो, ड्रमची गती मंदावते आणि घास, म्हणजे आत घातलेली काडाची पेंढी, तोंडातच अडकतो. अडकलेला घास ढकलायला माणूस नकळत हात पुढे करतो. तेवढ्यात ड्रम मोकळा होतो आणि काडाबरोबर हातही आत जातो. हाताचे अपघात बहुतेक असेच होतात. त्यात दिवसभर कापणी करून माणसं दमलेली असतात आणि उजेड एका बल्बचा. मशीनवाल्याला दोनशे-चारशे रुपये जास्त द्यावे लागले तरी सकाळी दव उडाल्यावर, साधारण दहा ते पाच ही वेळ मागा. पाऊस येईल ही भीती रास्त आहे. त्यासाठी ढीग उंचवट्यावर घ्या, खाली वाळलेल्या फांद्या किंवा पाचट टाका, वर ताडपत्री घाला आणि ऊन पडलं की ती उघडा. झाकलेला ओला ढीग आतून तापतो आणि दाणे काळे पडतात, त्यामुळे दिवसातून एकदा ढिगात हात घालून पाहा.

मळणीला दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा चांगला. मीटर नसेल तर मिठाची परीक्षा करा. मीठ उन्हात वाळवून घ्या. काचेची कोरडी बरणी एक तृतीयांश दाण्यांनी भरा, त्यात दोन-तीन चमचे मीठ टाका, मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, थांबा. चिकटलं नाही तर मळायला हरकत नाही.

आता यंत्र. गाडी खळ्यावर आली की काम सुरू करण्याआधी पंधरा मिनिटं चालकाबरोबर उभं राहून पाहणी करा. घास घालायची पन्हळ किमान ९० सेंटीमीटर लांब हवी आणि तिचा ड्रमकडचा किमान ४५ सेंटीमीटर भाग वरून झाकलेला हवा. हात ड्रमपर्यंत पोचूच नये, यासाठी ही मापं आहेत. धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा १९८३ चा केंद्राचा कायदा मळणी यंत्रालाही लागू आहे. तरीही काम भरभर व्हावं म्हणून वरचं झाकण कापून टाकलेली यंत्रं फिरताना दिसतात. असं यंत्र आलं तर परत पाठवा, दुसरं मिळायला दोन दिवस लागले तरी. चालक म्हणेल, 'इतकी वर्षं काही झालं नाही.' ऐकू नका.

ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे मळणी यंत्राला ताकद देणारा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं किंवा पदराचं टोक त्यात गेलं तर हात झटकायला लागणाऱ्या वेळात ते चार-पाच वेळा गुंडाळलेलं असतं. शाफ्टवर प्लॅस्टिकचं आवरण असावं आणि साखळीने बांधलेलं असावं, म्हणजे ते शाफ्टबरोबर फिरत नाही. आवरण फुटलेलं असेल तर ट्रॅक्टर आणि यंत्र यांच्यामधल्या जागेत कोणीच जायचं नाही, ओलांडूनही नाही. घास घालणाऱ्या बाईने पदर खोचून वर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा आणि बाह्यांची बटणं लावावीत. बांगड्या, कडं, घड्याळ काढून ठेवा. हातमोजे मात्र घास घालताना नकोत, मोजा पकडला गेला की हात सुटत नाही.

घास घालणारा माणूस दर तासाला बदला. तो सपाट, घट्ट जागेवर उभा असावा. पोत्यांच्या थप्पीवर किंवा हलत्या फळीवर नको. घास अडकला तर एकच नियम: आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, किल्ली चालकाच्या खिशात, ड्रम पूर्ण थांबलेला डोळ्यांनी पाहायचा आणि मगच आकड्याने काढायचं. इंजिन बंद केल्यावरही जड ड्रम बराच वेळ फिरत राहतो. मोटारीवरचं यंत्र असेल तर अर्थिंग तपासा, केबलला उघडे जोड नकोत आणि केबल वाटेत लोळत पडलेली नको. वीजवाहिनीच्या खाली यंत्र लावू नका. हार्वेस्टर बोलावणार असाल तर तो धान्याचा पाइप उचलून ट्रॉलीत माल ओततो तेव्हा वर तारा आहेत का, हे आधीच बघून ठेवा.

भुसकट उडतं ती बाजू वारा वाहून जातो त्या दिशेला ठेवा, म्हणजे धूळ माणसांवर येत नाही. सगळ्यांच्या तोंडावर रुमाल आणि घास घालणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवा. ट्रॅक्टरचा सायलेन्सर ढिगाकडे तोंड करून नको. ठिणगीने वाळलेला ढीग पेटतो, म्हणून पाण्याचं २०० लिटरचं पिंप आणि दोन घमेली माती जवळ ठेवा आणि ढीग यंत्रापासून थोडा लांब रचा. पोरं खळ्यावर नकोत. हे बोलायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, तरी त्या दिवशी आजीकडे पाठवा.

ढीग उचलताना खाली घोणस, मण्यार किंवा नाग असू शकतो. पेंढा आधी काठीने किंवा दाताळ्याने हलवा, हाताने नाही, आणि पायात बूट घाला. दंश झाला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय न हलवता १०८ ला फोन करा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा. तुमच्या भागात बिबट्याचाही विचार करावा लागतो. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड हा उसाचा पट्टा त्याच्या वावराचा आहे. खळ्यावर राखणीला उघड्यावर झोपू नका. कापणी करताना एकटं वाकून काम करू नका, दोघं-तिघं बोलत काम करा. वन विभागाचा मदतीचा क्रमांक १९२६ आहे.

बोट तुटलंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फ असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बर्फाला किंवा पाण्याला बोट थेट लागू देऊ नका, मांस खराब होतं. पुण्यात बोट जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया होते. शिरूरहून निघाल्यापासून लागणारा प्रत्येक तास मोजावा लागतो, म्हणून गाडी आणि फोन नंबर आधी ठरवून ठेवा.

७/१२ वर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला खातेदार नसलेला एक सदस्य यांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना लागू आहे. वय १० ते ७५. मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा. तुमच्या चार मजुरांना यातलं काही मिळत नाही. त्यांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत होते, वय १८ ते ७० आणि बँकेत खातं हवं. चौघांचे ८० रुपये तुम्ही भरा, हे मला मनापासून वाटतं.

आता विक्रीचं. ड्रमची गती सोयाबीनसाठी मिनिटाला ३५० ते ४०० फेरे ठेवायची. गव्हाच्या गतीवर चालवलं की दाण्याची डाळ होते. पहिलं पोतं भरताच त्यातली मूठभर सोयाबीन तळहातावर घ्या आणि फुटलेले दाणे मोजा. १०० मध्ये तीन-चारपेक्षा जास्त दिसले तर चालकाला ड्रमची पुली मोठी बसवायला किंवा इंजिनची गती उतरवायला सांगा. पुढच्या वर्षी घरचं बियाणं धरणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण वरून न दिसणारी आतली तडसुद्धा उगवण घालवते.

नंतर चाळणी करा आणि माल ताडपत्रीवर दोन इंच थरात वाळवा. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलावा आणि २ टक्के माती-काडी ही मर्यादा असते. पण वाळवणं प्रत्येक वेळी परवडतंच असं नाही, हिशोब करा. १०० किलो माल १६ टक्क्यांवर आहे, म्हणजे त्यात ८४ किलो कोरडा दाणा आहे. १२ टक्क्यांवर आणला की तो ८४ भागिले ०.८८, म्हणजे ९५.४५ किलो होतो. साडेचार किलो वजन गेलं. कोरड्या मालाला उदाहरणादाखल ४,२०० रुपये भाव धरला तर तुमचं १९० रुपयांचं वजन घटलं. व्यापारी ओल्या मालाला १९० पेक्षा जास्त कापत असेल तर वाळवा, कमी कापत असेल तर तसाच द्या. व्यापारी बहुतेक वेळा ३०० ते ४०० कापायला बघतो, त्यामुळे साधारणपणे वाळवणंच बरं. फक्त ठेवायचा माल मात्र १२ च्या वर अजिबात नको, बुरशी लागते.

गावात येऊन खरेदी करणाऱ्याकडे दोन गोष्टी बघा. पहिली, काटा. तुमचा माल ३२ क्विंटल धरला तर ५० किलोची ६४ पोती. पोत्यामागे एक किलो 'कडता' (वजनातली कपात) किंवा बारदान्याच्या नावाने गेला तर ६४ किलो, म्हणजे अडीच हजारांच्या वर रक्कम. प्लॅस्टिकचं रिकामं पोतं सव्वाशे-दीडशे ग्रॅमचं असतं आणि ज्यूटचं साधारण ५८० ग्रॅमचं, त्यामुळे किलोभर कापायला आधार नाही. तुमच्या घरी तोलकाटा नसेल तर दोन पोती आधी गिरणीवर तोलून ठेवा आणि त्याच पोत्यांवर त्याचा काटा पडताळा. दुसरी, पैसे. माल गाडीत चढण्याआधी पैसे खात्यात किंवा हातात यायला हवेत. 'आठ दिवसांत देतो' यावर माल सोडू नका. बाजार समितीत गेलात तर काटापट्टी मागा आणि हमाली, तोलाई वेगळ्या लिहून घ्या.

भाव बघताना राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर दिसतात. आपल्याला मिळायची शक्यता सर्वसाधारण दराची, कमाल भाव एखाद्या निवडक ढिगाचा असतो. पुण्याच्या मार्केट यार्डातला भाव जास्त दिसला तरी गाडीभाडं वजा केल्यावर शिरूरपेक्षा पुढे जातो का ते पाहा. ट्रॉली नेताना मागे लाल रिफ्लेक्टर लावा आणि मालावर माणसं बसवू नका. पुणे-नगर रस्त्यावर अंधारातली ट्रॉली मागच्या गाडीला दिसत नाही.

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आहे. बाजार त्याच्या खाली असेल तर हमीभावाच्या खरेदी केंद्रावर नोंदणी करा. ई-पीक पाहणीची (मोबाइलवरून केलेली पिकाची) नोंद असलेला ७/१२, आधार आणि बँक पासबुक लागतं. ई-पीक पाहणी राहिली असेल तर ते आजच बघा, कारण नोंद नसेल तर बाकी कागद असूनही माणूस रांगेतून परत येतो. केंद्रावर माल नाकारला जातो तो बहुतेक ओलाव्यामुळे, म्हणून घरून मीटरवर मोजूनच न्या.

ठेवायचं की विकायचं? माझं मत: एक तृतीयांश लगेच विका, त्यातून मशीनचं भाडं, मजुरी आणि दिवाळीचा खर्च निघू द्या. बाकी तारण योजनेत ठेवा. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीनवर बाजारभाव किंवा हमीभाव यांतल्या कमी रकमेच्या ७५ टक्के कर्ज मिळतं, ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी. ४,२०० च्या भावाला ३,१५० रुपये हातात येतात आणि पूर्ण मुदतीचं व्याज क्विंटलमागे ९५ रुपयांच्या आसपास होतं. वाहतूक आणि थोडी घट धरून भाव २०० रुपयांच्या वर चढला तरच ठेवणं फायद्याचं ठरतं. हा आकडा पाटीवर लिहून ठेवा आणि तेवढा चढ आला की विका, अजून चढेल म्हणून थांबू नका. सोयाबीनचा भाव पेंडीवर आणि आयात तेलावर चालतो. मक्यापासून इथेनॉल करताना निघणारा चोथा पोल्ट्रीच्या खाद्यात शिरल्यापासून पेंडीची मागणी पूर्वीसारखी राहिलेली नाही, म्हणून 'जानेवारीत हमखास वाढतो' या जुन्या ठोकताळ्यावर सगळं पीक लावू नका.

घरात ठेवायचं असेल तर पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर अंतर सोडून आणि थप्पी सात फुटांपेक्षा उंच न करता लावा. किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीच ठेवू नका. ओलाव्याने त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणसं मारतो आणि त्यावर उतारा नाही. धुरी लागणार असेल तर माल वखारीत नेऊन परवानाधारक माणसाकडूनच द्या.