केरेनचं पिस्तूल की इटलीचं? आजोबांच्या ट्रंकेतल्या बेरेटाबद्दल

ताई, पहिली गोष्ट, ते पिस्तूल आता पुन्हा हातात घेऊ नका. तुमच्या दुसऱ्या फोटोत पिस्तूल धरणाऱ्याचं बोट सरळ चापावर आहे. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. मॅगझिन काढली म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं नसतं. एक काडतूस नळीच्या मागच्या घरात बसलेलं असू शकतं आणि ते बाहेरून दिसत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीचं काडतूस उडेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही, भीती त्याचीच असते. आहे तसं, नळीचं तोंड भिंतीकडे करून, कपाटात कुलपात ठेवा. आणि तिसऱ्या फोटोत पूर्ण नंबर वाचता येतोय, तो फोटो आधी काढून टाका.

आता तुमचा प्रश्न, बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला जातेय. पोटमाळ्यावरची ट्रंक खाली काढली, तर फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं काळं पिस्तूल निघालं, आणि सोबत आजोबांच्या नावाचा परवाना, शेवटचं नूतनीकरण १९८४ चं. आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत, तिसऱ्या बटालियनमध्ये होते. पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनला झालेल्या लढाईत एका जर्मन अधिकाऱ्याकडून त्यांनी ते हिसकावलं, असं घरात सांगतात. पिस्तुलावरचं ‘एक्स आय एक्स’ म्हणजे मॉडेल १९ का, घरातली गोष्ट खरी का, आणि आठवण म्हणून ते ठेवता येईल का, हे तुम्हाला हवंय.

मी वकील नाही. फोर्टातल्या एका बंदुकीच्या दुकानात बरीच वर्षं रजिस्टर लिहिण्यात गेली. प्रत्येक हत्यारावरची अक्षरं वाचून वहीत उतरवायची, हेच काम. त्यामुळे अक्षरांपासून सुरुवात करतो.

स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, डाव्या बाजूला ‘पी. बेरेटा, कॅल. ९ कॉर्टो, एम. १९३४, ब्रेवेट, गार्दोने व्ही.टी.’ असं आहे. म्हणजे पिस्तूल इटालियन. बेरेटा हे उत्तर इटलीतल्या ब्रेशाजवळच्या गार्दोने गावचं घराणं. व्हेनिसच्या शस्त्रागाराला बंदुकीच्या १८५ नळ्या विकल्याची त्यांची १५२६ सालची नोंद आजही दाखवतात. पानिपतची पहिली लढाई त्याच वर्षीची. ‘व्ही.टी.’ म्हणजे वाल त्रोम्पिया, ते गाव ज्या खोऱ्यात आहे त्याचं नाव. ‘ब्रेवेट’ म्हणजे पेटंट. ‘कॉर्टो’ म्हणजे आखूड: याच्या काडतुसाची पुंगळी १७ मिलिमीटर लांबीची, लष्करी ९ एमएमची १९ मिलिमीटरची. दोन्हींवर ९ लिहिलेलं असलं तरी एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही. वरून उघडी असलेली स्लाइड, मागे भोक असलेला घोडा, मॅगझिनच्या तळाला करंगळी टेकवायला पुढे आलेला ओठ, मुठीच्या पट्टीवर ‘पीबी’. तुमच्या फोटोत हे सगळं आहे, त्यामुळे मॉडेलबद्दल शंका नाही. (खाली एकांनी विचारलंय म्हणून: हो, ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर झाडलेलं पिस्तूलही याच मॉडेलचं होतं. इटालियन सैन्यासाठी ही ढिगानं बनली, तेव्हा यावरून तर्क लढवू नका.)

आता ते ‘१९४१ एक्स आय एक्स’. खरी गंमत तिथेच आहे. तो मॉडेल नंबर नव्हे, तेही सालच. मुसोलिनीनं स्वतःचा शक सुरू केला होता, ऑक्टोबर १९२२ मध्ये सत्ता हाती आली तिथपासून मोजलेला. आपण पंचांगात इसवी सनाशेजारी शके लिहितो, तसं सरकारी मालावर इसवी सन आणि शेजारी रोमन आकड्यांत फॅसिस्ट वर्ष. हे वर्ष ऑक्टोबरच्या अखेरीस बदलायचं. एकोणिसावं वर्ष ऑक्टोबर १९४० च्या अखेरीपासून ऑक्टोबर १९४१ च्या अखेरीपर्यंत. त्यात इसवी सन १९४१ लिहिलंय, म्हणजे तुमचं पिस्तूल जानेवारी ते ऑक्टोबर १९४१ या दहा महिन्यांतलं. जुन्या हत्याराची जन्मवेळ इतकी नेमकी सहसा हाती लागत नाही.

आणि घरातली गोष्ट अडते ती इथेच. केरेनची लढाई फेब्रुवारी ते मार्च १९४१ मध्ये झाली. तिसरी बटालियन तिथे होती हे खरं. मार्चच्या मध्यावर तिथली एक मोक्याची टेकडी मराठ्यांनीच घेतली. पण इटली जून १९४० मध्ये युद्धात उतरल्यापासून सुएझ त्यांना बंद होता. एरिट्रियातल्या इटालियन सैन्याला समुद्रानं काही पोचत नव्हतं, आलं तर तुरळक विमानानं. जानेवारीत गार्दोनेत बनलेलं पिस्तूल मार्चमध्ये केरेनच्या डोंगरात कुणाच्या कमरेला असणं जवळजवळ अशक्य. शिवाय केरेनला समोर होते ते इटालियन.

म्हणून आजोबा खोटं बोलले असं मुळीच नाही. याच तिसऱ्या बटालियननं पुढे १९४४ मध्ये इटलीत लढाई केली. माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच बटालियनमध्ये, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यातल्या लढाईत. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करल्यावर इटालियन सैन्याची हत्यारं जर्मनांनी उचलली आणि वापरली. तेव्हा १९४४ मध्ये एखाद्या जर्मन अधिकाऱ्याकडे हे बेरेटा असणं अगदी शक्य आहे. माझा अंदाज असा की आजोबांनी केरेनच्या गोष्टी सांगितल्या, इटलीच्याही सांगितल्या, आणि ऐकणाऱ्या मुलांनी दोन्ही एकत्र शिवल्या. मात्र पिस्तुलावरचं साल एवढंच सांगतं की त्याआधी ते नव्हतं. नंतर ते कुणाकडून कुणाकडे गेलं, कॅन्टीनमध्ये दुसऱ्या शिपायाकडून शंभर सिगारेटींना घेतलं का, हे लोखंड सांगत नाही.

मागच्या डाव्या बाजूला ‘आर ई’ ठसा आहे का, फोटो मोठा करून बघा. असेल तर ते इटालियन भूदलाला दिलेलं. ‘आर ए’ म्हणजे हवाई दल, ‘आर एम’ नौदल, ‘पी एस’ पोलीस. पंख पसरलेला छोटा गरुड कुठे दिसला तर तो जर्मनांनी स्वीकारल्याचा. फोटोतच बघा. घासूनपुसून ठसे उजळवायला जाऊ नका.

हे कळकळीनं सांगतो, कारण ती चूक मी स्वतः केलीय. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पारशी गृहस्थांची वेब्ले रिव्हॉल्व्हर साफ करायला दिली होती. उत्साहाच्या भरात मी नळीवर बारीक पॉलिश पेपर मारला. चकाकली छान. नेमकी नळीच्या वर, पुसट कोरलेली विक्रेत्याच्या नावाची ओळ होती: आर्मी अँड नेव्ही, बॉम्बे. काळा घोड्याला ती इमारत अजून उभी आहे बघा, एस्प्लनेड मॅन्शनला लागून. त्या एका ओळीवरून त्यांच्या वडिलांनी ती मुंबईतच घेतली हे सिद्ध होत होतं. माझ्यानंतर ‘नेव्ही’ तेवढं उरलं. शिवाय हत्याराचा नंबर किंवा ओळखचिन्ह पुसणं हा शस्त्र कायद्याच्या कलम ८ खाली गुन्हाच आहे, आणि असं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानंच पुसलं, असं कायदा आधी धरून चालतो. ब्रासोची बाटली माळ्यावरच राहू द्या.

आता ठेवता येईल का. आज ज्या स्थितीत आहे, तसं नाही. परवाना आजोबांच्या नावावर होता, तो संपला, आजोबा गेले. त्या दिवसापासून घरात विनापरवाना हत्यार आहे. ‘ऐंशी वर्षं जुनं म्हणजे अँटिक’ हे खूप जण सांगतील. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सवलत आहे, पण ती दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा हत्याराला. तुमचं बेरेटा तेल घातलं की चालेल. पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यातली शंभर वर्षंही अजून भरलेली नाहीत. आणि नळीत शिसं ओतून शोभेचं करून देणारा लेथवाला कुणी सुचवला तर ऐकू नका. परवान्याशिवाय हत्यारात फेरफार करणं हा आणखी एक गुन्हा होईल.

वाट बंद नाही. कलम २१ म्हणतं की बाळगणं बेकायदा झालेलं हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं. विलंब तर चाळीस वर्षांचा झालाय. म्हणून आधी फौजदारी वकिलाला भेटा. आजोबांचा परवाना, मृत्यूचा दाखला आणि ट्रंक कधी कशी उघडली याचं पत्र तयार करा, आणि ते पत्र घेऊन ठाण्यात जा. पिस्तूल घेऊन नाही! पिशवीत घालून टॅक्सीनं नेलंत आणि वाटेत नाकाबंदी लागली तर ‘जमाच करायला चाललो होतो’ हे पटवत बसावं लागेल. घरी येऊन पंचनामा करा अशी लेखी विनंती करा. पंचनाम्यात आणि पावतीवर पिस्तुलाचा नंबर, मॉडेल, साल आणि सगळे ठसे लिहून घ्या. घाईत नुसतं ‘एक जुने विदेशी पिस्तूल’ लिहितात. ते चालवून घेऊ नका, पुढे तोच तुमच्याकडचा एकमेव पुरावा असेल.

जमा केल्यावर ते पिस्तूल वारसाच्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्या किंवा तुमच्या, नावावर होऊ शकतं. २०१६ च्या शस्त्र नियमांतल्या नियम २५ मध्ये वारसांना परवान्याची तरतूद आहे. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, आणि मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयात, क्रॉफर्ड मार्केटसमोर. हे हत्यार प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा न मिळणाऱ्या नळीच्या मापात, धरायचं की नाही, हे तिथे ठरेल. प्रतिबंधित ठरलं तर परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात जातो. माझं स्पष्ट मत विचाराल तर या वयात वडिलांच्या मागे हत्याराचा परवाना लावू नका. परवाना, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, निवडणूक आली की ठाण्यात जमा करा, पुन्हा आणा. विक्रेत्यामार्फत विका किंवा सरकारजमा करा आणि आजोबांचे कागद सांभाळा.

कारण तुम्हाला हवी ती गोष्ट त्या कागदांत आहे. ट्रंकेच्या तळाला निवडणुकीच्या वेळच्या पावत्या असतील तर त्या, परवान्याचं पहिलं पान, तिथे पिस्तूल पहिल्यांदा कधी नोंदवलं ती तारीख. १९४६-४७ असेल तर लढाईवरून परततानाच आणलं म्हणायला हरकत नाही. १९६० नंतरची असेल तर कुणाकडून तरी विकत घेतलेलं असण्याची शक्यता वाढते. आजोबांचा सैन्यातला नंबर सापडला तर बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका. आणि मेडलचा डबा असेलच. त्यात तांबूस रंगाचे सहा टोकांचे तारे असतील, त्यांच्या फिती बघा. मधे रुंद लाल पट्टा आणि बाजूला फिकट वाळूचा रंग असेल तो आफ्रिका स्टार. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल अशी फीत असेल तो इटली स्टार. दोन्ही असतील तर आजोबा दोन्हीकडे होते. फितींचे रंग तेवढे इथे कळवा.