लिस्बनला पहिल्यांदा जाताय?

पहिली सकाळ आल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीला द्या. १७५५ च्या भूकंपात शहराचा बराच भाग जमीनदोस्त झाला, पण या टेकडीवरच्या अरुंद गल्ल्या बऱ्याच अंशी वाचल्या. तिथे नकाशा खिशात ठेवा आणि पायऱ्या नेतील तिकडे जा. दोरीवर वाळणारे कपडे, भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स. पणजीची जुनी घरं हटकून आठवतात. बूट मात्र चांगल्या पकडीचे हवेत. फुटपाथचे चुनखडीचे छोटे दगड झिजून गुळगुळीत झालेत, पावसात पाय सटकतोच. याच जुन्या गल्ल्यांतून जाणारी २८ नंबरची ट्राम भल्या सकाळी गाठा, नंतर गर्दी आणि पाकीटमार. लिस्बनच्याच बेलें भागातला जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. वास्को द गामाची कबर तिथल्याच चर्चमध्ये आहे. ती पाहाच, मी बराच वेळ तिथून हललो नव्हतो.