वर्गात मुलांकडे मोबाईल नाहीत, मग इंटरॅक्टिव्ह शिकवायला कोणतं ऑनलाईन प्रेझेंटेशन सॉफ्टवेअर वापरू?

तुम्ही लिहिलंय की दहावीला सायन्स शिकवता, वर्गात पन्नासेक मुलं, प्रोजेक्टर आहे पण मोबाईल फक्त तुमचाच, आणि जो तो मेंटीमीटर, कहूत, निअरपॉड सांगतोय. माझं सरळ मत, प्लिकर्स घ्या आणि बाकीचं यावर्षी तरी विसरा.

बाकीची वाईट नाहीत हो, पण त्यांना प्रत्येक पोराच्या हातात स्क्रीन लागते. लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन तासाला मी मेंटीमीटरवर वर्ड क्लाऊड करायचो, म्हणजे जो शब्द जास्त मुलं लिहितील तो स्क्रीनवर मोठा दिसतो, तर एकाने तंतुकणिका लिहिलं, दुसऱ्याने मायटोकॉन्ड्रिया, तिसऱ्याने तेच इंग्रजीत चुकीच्या स्पेलिंगने, सॉफ्टवेअरच्या लेखी हे तीन वेगळे शब्द, आणि स्क्रीनवर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय झळकलं तर 'हाय सर'. कहूतमध्ये मुलं खूष असतात पण पटकन उत्तराला जास्त गुण, मग प्रश्न वाचतंय कोण.

प्लिकर्सचं कसंय, कार्डं प्रिंट काढायची, साधा संच ४० चा आणि मोठा ६३ चा, तुम्हाला मोठाच लागेल. कार्डाच्या चार बाजूंना ए बी सी डी, जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून धरायची, तुम्ही मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय ते नावानिशी येतं. अक्षरं बारीक आणि प्रत्येक कार्ड वेगळं, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून फिरवता येत नाही. नेट तुमच्या मोबाईलला आणि प्रोजेक्टरच्या कॉम्प्युटरला लागतं, बस. मी हौसेने कार्डं चकचकीत लॅमिनेट करून आणली आणि खिडकीकडच्या रांगेची निम्मी कार्डं उजेड परावर्तित होऊन स्कॅनच होईनात, ते पैसे पाण्यात. जाड कागदावर काढा.

पण खरी गोम प्रश्नात आहे. 'गुरुत्व त्वरणाचं एकक काय' असलं विचारलंत तर हात वर करा म्हटलं तरी चालतं की, सॉफ्टवेअर कशाला. मी विचारतो, चेंडू सरळ वर फेकला, सगळ्यात उंच बिंदूवर त्याचं त्वरण किती? शून्य, ९.८ खालच्या दिशेने, की ९.८ वरच्या दिशेने. हुशार मुलंसुद्धा धडाधड शून्य दाखवतात, कारण तिथे वेग शून्य होतो आणि डोक्यात वेग आणि त्वरण एकच असतं, खरं उत्तर ९.८ खालच्या दिशेने. आता इथे कोणत्या उत्तराला किती मुलं याचा ग्राफ प्रोजेक्टरवर दाखवायचा नाही, ही चूक मी वर्षभर केली, उंच दांडी दिसली की सगळे तिकडेच जातात. ग्राफ लपवून ठेवा, शेजाऱ्याला पटवून द्या म्हणा, दोन मिनिटं गोंगाट होऊ द्या, मग पुन्हा स्कॅन. गेल्या वर्षी एक मुलगी शेजारणीला म्हणाली, 'अगं त्वरण शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता ना', हे मी बोर्डावर तीनदा सांगून उतरलं नव्हतं. हार्वर्डला फिजिक्स शिकवणारे एरिक माझुर १९९१ पासून हेच करत आलेत, त्यांचा ठोकताळा असा की पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर चर्चा करू द्या, त्याखाली असेल तर पुन्हा शिकवा, वर असेल तर थोडक्यात सांगून पुढे चला. मला तो वर्गात बराच लागू पडलाय. तासाला असे दोनच प्रश्न, तीन केले की पोर्शन बोंबलतो.

बाकी स्लाईड्स गुगल स्लाईड्समध्येच करा, फुकट आहे. फक्त जुन्या पीपीटी कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील तर अपलोड केल्यावर अगम्य काहीतरी दिसेल, आधी युनिकोड करून घ्या. आणि कार्ड नंबर हजेरी नंबरप्रमाणेच द्या, नाहीतर वाटण्यातच दहा मिनिटं जातात.