दुखत नाही म्हणजे बरा झाला, असे नाही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

शस्त्रक्रियेला 5 महिने झाले, गुडघा आता दुखत नाही आणि पुढच्या महिन्यात खो-खोच्या राज्य स्पर्धेची निवड चाचणी आहे, तेव्हा उतरू का, असे तू विचारले आहेस. उतरू नकोस. गुडघा दुखत नाही म्हणजे तो बरा झाला, असे नाही.

तुझे तुटलेले लिगामेंट, म्हणजे गुडघ्याची हाडे बांधून ठेवणारा बंध, आपोआप जुळणारे नव्हते, म्हणून डॉक्टरांनी मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून त्या जागी बसवला. हा कंडरा बसवल्याबरोबर लिगामेंट होत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत तो उलट कमकुवत होतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात, त्याचे धागे नव्याने घडतात आणि हे सारे पुरे व्हायला वर्ष-दीड वर्षही लागते. दुखणे मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबलेले असते आणि फसगत होते ती इथेच. नॉर्वेतील खेळाडूंच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, शस्त्रक्रियेनंतर 9 महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जसजसे लांबवावे, तसतसा पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्यामागे जवळपास निम्मा होतो. तू 5 महिन्यांवर आहेस.

तुला तेव्हा कोणी धक्काही दिला नव्हता. धावणारीने हुलकावणी दिली, तुझा पाय मॅटवर रोवला गेला आणि अंग वळले, एवढेच घडले. आणि खो-खोत तर दर डावात हेच घडत असते.

मग कधी उतरायचे? 9 महिने पुरे झाल्यावर, आणि तेव्हाही मांडी सांगेल तर. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून 10 सेंटिमीटरवर खूण करून शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्या मोज. ऑपरेशनच्या पायाची बारीक भरेल, आणि बारीक मांडी धक्का पेलत नाही, तो थेट गुडघ्यावर जातो. फिजिओथेरपिस्टकडे ताकद मोजून घे. एका पायावर लांब उडी मारून त्याच पायावर स्थिर उभी राहा आणि खडूने खूण कर. दुखावलेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के भरली पाहिजे आणि उतरताना गुडघा आत झुकता कामा नये. ही मापे भरत नाहीत तोवर दुखत नाही हे कारण माझ्यापुढे आणू नकोस.

कॉलेजात असताना माझा गुडघा असाच निसटला होता. हळदीचा लेप लावला, पट्टी बांधली आणि दुखणे थांबताच मी पुन्हा खेळू लागले, कारण आमच्याकडे तेव्हा दुसरी कसोटीच कोणाला ठाऊक नव्हती. तो गुडघा निसटत राहिला, आतली गादी फाटत गेली आणि आज जिना उतरताना मला कठड्याचा आधार लागतो, पंगतीत मांडी घालून बसता येत नाही. लिगामेंट किंवा गादी फाटलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना 10 ते 20 वर्षांत सांध्याची झीज गाठते आणि शस्त्रक्रियेनेही तो धोका पुरता टळत नाही. तू 17 वर्षांची आहेस. ही झीज तुला ऐन तिशीत गाठू शकते. मला थांबवणारे कोणी नव्हते, ही खंत अजून जात नाही.

म्हणूनच पुढे शिक्षिका झाल्यावर विभागीय स्पर्धेच्या तोंडावर मी संघाच्या कर्णधाराला बाहेर बसवले. आम्ही हरलो, पालक घरी येऊन बोलून गेले, मुलीचे नुकसान केल्याचा ठपका आला. तिच्या पायात अजून ताकद आली नव्हती आणि ते मला दिसत होते. माझा निर्णय तेव्हाही बरोबर होता आणि आजही मी तोच घेईन.

तुझ्या वडिलांची घालमेल मला कळते. कोरडवाहू शेती, त्यात एका वर्षी पाऊस नाही तर दुसऱ्या वर्षी अतिवृष्टी; अशा घरात खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातली सरकारी नोकरी म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. पण पोलीस भरतीत 800 मीटर धावायचे आहे तेही याच गुडघ्यावर. धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेला 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तो वर्षानुवर्षे खेळल्यावर. तुझी एक चाचणी हुकेल, हुकू दे.

रविवारी ये. येताना डिस्चार्ज कार्ड आणि फिजिओथेरपीचा कागद आण. या वर्षी चाचणी देता येणार नाही, हे तुझ्या वडिलांना आणि प्रशिक्षकांना मीच सांगेन.

तुझ्या बाई