आठवड्याची वही सुरू करताय ना? मग एवढं ऐका

आठवड्यात ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटलं अशा गोष्टी लिहायची ही वही. आधी एक: रोज लिहायचा हट्ट नको. मीही जानेवारीत जाड डायरी आणून रोज लिहायला बसलो होतो. दहाव्या दिवशी 'घर, नोकरी, तब्येत' हीच तीन नावं परत परत, आणि मग वही कपाटात. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या मानसशास्त्रज्ञांच्या कृतज्ञतेवरच्या २००३ सालच्या गाजलेल्या अभ्यासातल्या एका गटानेही आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या. रविवारचा दुसरा चहा ही माझी वेळ. तुमची तुम्ही ठरवा, पण ठरलेली ठेवा.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- नेमकं लिहा. 'मांजर आहे म्हणून बरं' यात काही नाही. 'बुधवारी लाईट गेली तेव्हा मनी पोटाशी येऊन घुरघुरत बसली' हे सहा महिन्यांनी वाचलंत तरी ती ऊब आठवते.
- आठवड्यातून एकदा पायी बाहेर पडा. लोणावळा-महाबळेश्वर कशाला? आम्ही पुणेकर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतो. वर वारा आणि खाली पसरलेलं शहर, फुकट. (उतरल्यावर भेळ. ती मात्र फुकट नाही.)
- फोटो काढत बसू नका. निदान पहिला महिना तरी.

नवखे बहुतेक एकाच ठिकाणी अडखळतात: आठवडा वाईट गेला की ओढूनताणून गोड लिहितात. नका लिहू. कुत्र्याला दवाखान्यात नेताना रिक्षावाल्याने कुरकुर न करता बसू दिलं, एवढी एक ओळ पुरते. तीही सुचली नाही तर तारीख टाकून पान कोरं सोडा. माझ्या वहीत अशी बरीच आहेत.